पेडल स्टील वाजवताना पायात काय घालावं?

केतकी_ऑस्टिन

नमस्कार मंडळी. विषय जरा आडवळणाचा आहे, पण इथे वाद्यं वाजवणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

मी टेक्ससमध्ये राहते. शाळेत असताना पुण्यात सहा वर्षं हवाईयन गिटार शिकले होते. पुढे नोकरी-संसारात ती सुटली. इथे एका डान्स हॉलमध्ये पहिल्यांदा पेडल स्टील समोर बसून ऐकली आणि तो सूर डोक्यातून जाईचना. गेल्या दिवाळीत एक जुनी विकत घेतली.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. टेबलासारखी चार पायांवर उभी असते, आपण तिच्यासमोर स्टुलावर बसायचं. डाव्या हातात स्टीलचा बार, उजव्या हाताच्या बोटांत पिक. इथवर आपली हवाईयन गिटारच. पण खाली डाव्या पायाशी पेडल असतात, उजवा पाय सतत व्हॉल्यूम पेडलवर, आणि दोन्ही गुडघ्यांच्या आजूबाजूला लिव्हर. माझ्या गिटारला दहा तारा, तीन पेडल, पाच लिव्हर. पेडल दाबलं की ठरावीक तारांचा सूर चढतो. सरगमच्या भाषेत, सहावी-पाचवी-चौथी तार म्हणजे ग-प-सा. पहिल्या पेडलने प चा ध होतो, दुसऱ्याने ग चा म. दोन्ही एकदम दाबली की सा-ग-प चं सा-म-ध होतं. पेडल स्टीलचा तो रडवणारा सरकता आवाज मुख्यतः या दोन पेडलांतूनच येतो.

अडचण अशी. ही दोन पेडल अगदी शेजारी-शेजारी आहेत आणि दोन्ही एकाच पायाने सांभाळायची. मी घरातल्या रनिंगच्या बुटांवर वाजवते. फक्त पहिलं पेडल हवं असलं तरी बुटाची कड दुसऱ्यावर टेकते, आणि ग हलकेच चढतो. पूर्ण म होत नाही, मधेच कुठेतरी लटकतो. ऐकवत नाही. रविवारी आम्ही काही जण एकत्र वाजवतो, तिथल्या एका आजोबांनी सांगितलं, काउबॉय बूट घे. घेतले. पेडल सुटी झाली, पण टाचेमुळे डावा गुडघा वर आला आणि उभ्या लिव्हरला, म्हणजे गुडघा वर उचलून ढकलायच्या लिव्हरला, लागायला लागला. त्या लिव्हरने प खाली उतरून तीव्र म होतो! नुसत्या मोज्यांवर वाजवलं तर घरी छान जमतं, पण बाहेर कार्यक्रमात काय करणार?

दुसरं, आणि हे मला जास्त बोचतंय. आईला व्हिडिओ कॉलवर वाजवून दाखवलं. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "बूट घालून वाद्यावर पाय ठेवतेस?" मला उत्तर देता आलं नाही. लहानपणी गिटारला चुकून पाय लागला तरी नमस्कार करायची सवय. कोणाला याचा अनुभव आहे का?

*

दहा_तारा

केतकीताई, धागा वाचून फार बरं वाटलं. मी टेनेसीत असतो, चौदा वर्षं डबल नेक, म्हणजे तारांचे दोन संच असलेली पेडल स्टील, वाजवतो आहे. मराठीत या विषयावर कोणाशी बोलता येईल असं कधी वाटलं नव्हतं.

आधी ही पेडल अशी चिकटून का, ते सांगतो, म्हणजे बुटाचा प्रश्न कुठून आला ते कळेल. 1954 मध्ये कंट्री गायक वेब पियर्सच्या एका गाण्यात स्टील वाजवणारे बड आयझॅक्स यांनी तार वाजत असतानाच पेडल दाबून सूर सरकवला आणि सगळे स्टीलवाले त्याच्यामागे लागले. आयझॅक्स यांच्या पेडलमध्ये तुम्ही लिहिलेले दोन्ही बदल एकत्र होते. पाय दाबला की सा-म-ध. पुढे बडी एमन्स या स्टीलवाल्यांनी ते दोन बदल दोन वेगळ्या पेडलांवर वाटले. त्यामुळे नुसता ध घेता येऊ लागला, नुसता म घेता येऊ लागला, आणि दोन्ही दाबून ठेवून एकच सोडता येऊ लागलं. पण एकत्र दाबायची सोय हातची जाऊ नये म्हणून पेडल शेजारी राहिली. तिथून पुढे घोटा वळवणं आलं, आणि त्यासोबत बुटाची रुंदीही. जिमी डे या दुसऱ्या स्टीलवाल्यांनी हेच बदल उलट्या क्रमाने लावले. म्हणून आजही एमन्स सेटअप आणि डे सेटअप असे दोन प्रकार आहेत.

आता उपाय. तुमची चूक बुटाच्या निवडीत कमी आणि क्रमात जास्त झाली आहे. रनिंगच्या बुटांवर लावलेल्या गिटारीवर तुम्ही काउबॉय बूट घालून बसलात. दीड इंचाची टाच आली की गुडघा वर येणारच. आधी बूट ठरवा, मग त्या बुटावर गिटार लावा. बूट घालून स्टुलावर बसा, टाच जमिनीवर, मांडी साधारण आडवी. गिटारचे पाय त्या हिशोबाने वर-खाली करा. मग पेडल. पेडलपासून वर गिटारच्या पोटात जाणाऱ्या सळया असतात ना, त्यांना आटे असतात, फिरवल्या की पेडलची उंची बदलते. पहिलं आणि दुसरं एका पातळीत ठेवा, चवडा सहज टेकेल इतक्या उंचीवर. शेवटी लिव्हर. उभा लिव्हर किती खाली लोंबतो ते बहुतेक गिटारींवर एका स्क्रूने बदलता येतं. सहज बसलेलं असताना गुडघा आणि लिव्हर यांच्यात एक बोट जाईल एवढी फट हवी.

आणि एकदा हे लावलं की तेच बूट. कायम तेच.

*

रानवारा

मी फक्त ऐकणारा आहे, पण धागा सोडवत नाही. केतकीताई, चामड्याचा सोल, हलकी, अरुंद... कोल्हापुरी का नाही चालणार?

*

बूटघर

रानवारा, प्रश्न चांगला आहे. मी वीस वर्षं बूट बनवण्याच्या धंद्यात आहे, वाद्य वाजवत नाही, पण पायाचं सांगू शकतो.

कोल्हापुरीचा तळ चामड्याचा आणि पातळ असतो, हे बरोबर. पण ती पायाला धरते अंगठ्यापाशी आणि पट्ट्याखाली. टाच मोकळी. दहा_तारा सांगतात तसा घोटा आडवा वळवला की पाय आधी चपलेत वळेल आणि चप्पल मागून येईल. तेवढ्या वेळात सूर गेला. मोजडीचं तसंच, जरा बरं. टाच मागून घट्ट धरणारा बूट हवा.

रनिंगच्या बुटाचं दुखणं वेगळं आहे. त्याचा सोल मुद्दाम वरच्या बुटापेक्षा रुंद काढलेला असतो, कडेला बाहेर पसरलेला, पळताना पाय मुरगळू नये म्हणून. म्हणजे जे तुम्हाला करायचं आहे, पाय कडेवर वळवणं, तेच तो बूट होऊ देत नाही. शिवाय खाली फोम. पेडल दाबलं की आधी फोम दबतो, मग पेडल हलतं.

काउबॉय बूट कशासाठी बनला ते पाहिलं तर कोडं सुटतं. तो घोड्यावरचा बूट आहे. टोक अरुंद, रिकिबीत पटकन शिरावं म्हणून. सोल गुळगुळीत चामड्याचा, पडायची वेळ आली तर पाय रिकिबीतून सुटावा म्हणून. टाच उंच आणि खालून आत वळलेली, पाय रिकिबीतून आरपार जाऊ नये म्हणून. आणि कमानीखाली धातूची पट्टी, रिकिबीवर उभं राहिलं तरी बूट मधून वाकू नये म्हणून. रिकीब काय आणि पेडल काय, पायाखाली आडवी अरुंद पट्टीच की.

फक्त नव्या बुटाचं वरचं चामडं घोट्याशी ताठ असतं. ते मऊ होईपर्यंत घोटा वळायला त्रास देणार. तेवढे दिवस सोसा, किंवा वापरलेली जोडी घ्या.

*

अनवाणी

मी आठ वर्षं मोज्यांवर वाजवते, आणि माझं मत ठाम आहे. बुटातून पेडल कळत नाही. अर्धं पेडल दाबून सूर मधे धरायचा असेल, हळूहळू सोडायचा असेल, तर तळव्याला ती सळईची थरथर जाणवायला हवी. बोटं वेगवेगळी हलतात, अंगठ्याकडची बाजू दुसऱ्या पेडलवर, करंगळीकडची पहिल्यावर. चामड्याआडून ते कसं कळणार?

पहिले दोन महिने पेडलच्या कडा टोचतात. मग तळवा तयार होतो, जशी बोटं तारांना होतात तशी. मी जाड लोकरीचे मोजे घालते, खाली रबरी ठिपके नसलेले.

*

दहा_तारा

अनवाणी, घरी मीही कधी कधी मोज्यांवर बसतो, आणि अर्ध्या पेडलबद्दल तुम्ही म्हणता ते अगदी खरं. पण माझी डबल नेक केससकट तीस किलोच्या आसपास भरते. वर अँप्लिफायर. हे सगळं गाडीतून काढून, जिना चढवून, स्टेजवर न्यायचं आणि मग बूट काढून बसायचं? स्टेजवर वायरी असतात, सांडलेलं काहीबाही असतं, एखाद्या तुटलेल्या तारेचा तुकडा असतो. मी एकदा तसा तुकडा तळव्यात घेऊन पूर्ण सेट वाजवला आहे. त्यानंतर बाहेर कधी बुटाशिवाय बसलो नाही.

आणि एक खरं कारण सांगतो. घरी मोजे आणि बाहेर बूट असं केलं की पाय दोन वेगळ्या गिटारी शिकतो. सोलची जाडी अर्धा इंच बदलली तर गुडघा अर्धा इंच बदलतो. हाताने जमलेलं असतं, पण पाय चुकतो, आणि आपल्याला वाटतं रियाज कमी पडला.

*

वसईकर_पेडलबोर्ड

मी चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो. वसईत शिकायला सुरुवात केली तेव्हा फक्त की-बोर्ड होता, पाय लावायचा ऑर्गन पुढे मुंबईत मिळाला. पाइप ऑर्गनला खाली पायांनी वाजवायची पूर्ण पट्टी असते, हल्ली बहुधा 30 किंवा 32 पट्ट्यांची. टाच आणि चवडा आलटून-पालटून वापरून सुरावट वाजवावी लागते, आणि तीही खाली न पाहता.

आमच्याकडे यासाठी वेगळे बूट मिळतात, ऑर्गन शूज म्हणूनच. अरुंद, मऊ, पातळ सोलचे. सोल चामड्याचा किंवा स्वेडचा, टाच साधारण सव्वा इंच. सोलची कड वरच्या बुटाच्या बाहेर जवळजवळ येतच नाही, म्हणजे शेजारची पट्टी लागत नाही. केतकीताई, तुमच्या कामाला हे शंभर टक्के उपयोगी आहेत. अमेरिकेत सहज मिळतील.

पण मुख्य सांगायचं ते पुढे. ते बूट घालून आम्ही रस्त्यावर कधीही जात नाही. पिशवीतून आणायचे, बाकावर बसून घालायचे, वाजवून झालं की तिथेच काढायचे. रस्त्यावरची बारीक रेती सोलला चिकटली तर लाकडी पट्ट्यांवर ओरखडे उठतात. माझ्या शिक्षकांनी पहिल्या दिवशी सूर शिकवला नाही, हे शिकवलं. तुमच्या आईंच्या प्रश्नाचं उत्तर मला तरी इथेच दिसतं. ते बूट चालायचे नाहीतच.

*

भाता

केतकीताई, मी सांगलीचा. संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करत आलो, आता सत्तरीला टेकलो आहे. तुमच्या वाद्याचं वर्णन वाचताना गुडघ्याच्या लिव्हरपाशी आलो आणि थांबलो, कारण ते आमच्याकडेही आहे!

आपल्या नाटकांत जो ऑर्गन आला, ज्याला लोक पायपेटी म्हणतात, तो बऱ्याचदा अमेरिकेतल्याच बनावटीचा. एस्टी, मेसन अँड हॅमलिन ही तिकडच्या ऑर्गनवाल्यांची नावं. खाली पायाने भाता मारायच्या दोन फळ्या, एक दाबायची तेव्हा दुसरी वर येते. आणि वर, पट्ट्यांखाली, गुडघ्यांनी बाहेर ढकलायच्या दोन लाकडी पट्ट्या. उजवी ढकलली की आवाज खुलतो, डावी ढकलली की सगळे स्टॉप, म्हणजे वेगवेगळ्या आवाजांच्या खुंट्या, एकदम बोलतात. नटाने तान संपवली, समेवर आला, की उजवा गुडघा हलकेच बाहेर. प्रेक्षकांना ते दिसत नाही, पण टाळी तिथेच पडते. हात पट्ट्यांवर गुंतलेले, मग गुडघ्याला कामाला लावायचं, ही युक्ती तुमच्या गिटारीच्या कितीतरी आधीची.

आता पायाचं. आम्ही अनवाणीच. चप्पल विंगेत काढायची, पाय पुसायचे. भात्याला जोर नको असतो, धीमा दाब हवा असतो. सूर लांबवायचा असेल तर एक पाय उतरायच्या आत दुसरा अलगद सुरू झाला पाहिजे, नाहीतर सुराला हिसका बसतो. घट्टे पडलेले माझे तळवे अजून तसेच आहेत.

आईंना जे बोचलं ते मला कळतं. माझ्या गुरुजींना मी हेच विचारलं होतं, वाद्याला पाय लागला तर नमस्कार करायचा, मग याला तर पायानेच वाजवायचं, ते कसं? त्यांनी मला नाचणाऱ्या मुलींकडे पाहायला सांगितलं. घुंगरू पायातच बांधतात, पण बांधायच्या आधी कपाळाला लावतात. मी अजूनही बसण्याआधी दोन्ही फळ्यांना हात लावतो.

बुटाने की अनवाणी, हे वाद्याच्या गरजेनं ठरवा. आईंना पुढच्या वेळी फक्त वाजवणं नको, आधीचं सगळंही दाखवा.

*

घोटेदुखी

फिजिओथेरपी करते, म्हणून दोन ओळी. एमन्स सेटअपमध्ये फक्त पहिलं पेडल दाबायचं म्हणजे डावा पाय बाहेरच्या कडेवर वळवायचा. पाय मुरगळतो तोही याच दिशेला. रोज तास-तासभर हे केलं तर घोट्याच्या बाहेरच्या बाजूला दुखू शकतं. टाच जमिनीवर टेकलेली राहू दे, वळवणं तिच्यावर तोलून करा, पाय हवेत धरून करू नका. थोडी टाच असलेला बूट इथे मदत करतो, कारण चवडा पेडलपर्यंत उचलायला कमी लागतो. दुखायला लागलं तर थांबा, सुजेपर्यंत वाट पाहू नका.

*

दहा_तारा

भाता काका, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. गुडघ्याच्या पट्ट्यांचं मला माहीत नव्हतं.

केतकीताई, एक छोटी गोष्ट करून पाहा. दोन्ही पेडलांवर पांढरा खडू घासा, एक गाणं वाजवा, आणि डावा बूट उलटा करून पाहा. तुमचा पाय खरा कुठे टेकतो ते तिथे उमटलेलं असेल. प्रत्येक जोडीसाठी करा.

*

केतकी_ऑस्टिन

मंडळी, तीन आठवड्यांनी येते आहे, सगळ्यांचे मनापासून आभार.

खडूचा प्रयोग केला. माझ्या पेडलांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत अडीच इंचांहून जरा जास्त भरलं. रनिंगच्या बुटाखाली चवड्यावर नुसता पांढरा फराटा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. म्हणजे बूट दोन पेडलांवर पाटासारखा पडून राहत होता. काउबॉय बुटाखाली दोन स्वच्छ पट्टे, मधे काळं चामडं. मोज्यांवरही दोन पट्टे, पण प्रत्येक वेळी वेगळ्या जागी. अनवाणीताई, हे माझ्या पायाचं झालं, तुमच्या आठ वर्षांचं नाही.

शेवटी जुन्या कपड्यांच्या दुकानात एक चामडी सोलची बुटांची जोडी मिळाली, घोट्यापर्यंतची, वापरून मऊ झालेली. टाच जास्त होती. बूट दुरुस्त करणाऱ्या बाईंनी ती कापून एक इंचावर आणली. मग दहा_तारांच्या क्रमाने सगळं लावलं. गिटारचे पाय थोडे वर, पेडलच्या सळया दोन-दोन आटे, उभ्या लिव्हरचा स्क्रू. एक पूर्ण शनिवार गेला. संध्याकाळी पहिलं पेडल एकट्याने दाबलं. प चढत ध ला गेला आणि ग जागचा हलला नाही. तेवढंच कितीतरी वेळ वाजवत बसले.

बूट आता केसमध्येच असतात, कापडी पिशवीत. बाहेर घालत नाही.

आईला या वेळी कॉल सुरू करूनच तयारी केली. फडक्याने पेडल पुसली, पिशवीतून बूट काढले, सोल पुसले, घातले. पेडलला हात लावला, मग बसले. ती काही बोलली नाही. वाजवून झाल्यावर म्हणाली, "भात्याच्या फळ्यांवर चटईचा तुकडा लावलेला असायचा बघ, आमच्या शाळेतल्या ऑर्गनला." आमच्या घरात कोणी ऑर्गन पाहिला होता हेच मला ठाऊक नव्हतं. भाता काका, तिला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला आहे.

एक अडचण उरली. गुळगुळीत सोलमुळे डावा पाय मस्त सरकतो, पण उजवाही सरकतो. उजवा गुडघा लिव्हरकडे नेला की व्हॉल्यूम पेडलवर टाच घसरते आणि आवाज मधेच बसतो. उजव्या बुटाला रबर लावू का?

*

दहा_तारा

बुटाला नको, तो जोडीचा राहू दे. व्हॉल्यूम पेडलवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बसवा, टाच जिथे टेकते तिथेच, तळहाताएवढा. आणि पेडलखाली गालिच्याचा तुकडा, नाहीतर पाय घसरायचा थांबेल आणि पेडलच घसरेल.